पाण्याची बाजू, ज्वाळेची बाजू

कर्वेनगर, पुणे
१२ जानेवारी

चि. सौ. छकुलीस काकाचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेलंस, म्हणून लिहायला बसलो आहे. पोस्टाने आठ-दहा दिवस जातील, तेव्हा लिहून झालं की काकू फोटो काढून पाठवेल. पुढचं वाचण्याआधी उठ आणि कार्बन मोनॉक्साइडच्या त्या अलार्ममध्ये नवे सेल घाल.

परवा वहिनी तिळाच्या वड्या घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "लीड्सला फार थंडी आहे. छकुलीच्या घरात खाली दिवाणखान्याची फरशी गार, स्वयंपाकघराची तेवढी गरम, वर रेडिएटर हात लावू देत नाहीत आणि पहाटे बॉयलर बंद पडतो. तिनं व्हिडिओ बघून स्वतःच उघडून साफ केला. रात्री कसलंसं यंत्र ओरडायला लागलं, बाळ उठेल म्हणून त्याचे सेल काढून ठेवले." आणि जाता जाता, "सकाळी डोकं जड असतं म्हणते, बाळ झोपू देत नाही ना." वहिनींना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र त्यानंतर त्या काय बोलल्या ते ऐकूच आलं नाही.

तू म्हणालीस, "काका, सेल उतरले होते म्हणून वाजत असेल." असेलही. सेल उतरले की तो अलार्म थोड्या थोड्या वेळाने एकदा चिक करतो. वायू लागला की कानठळ्या बसतील असा ओरडतच राहतो. यातला कोणता आवाज होता ते तुला सांगता आलं नाही, कारण तू अर्धवट झोपेत होतीस. मग कशाच्या जोरावर हसलीस?

तू इंजिनिअर आहेस, कमिन्स कॉलेजातून बाहेर पडलीस तेव्हा सगळ्या वाड्याला पेढे मी वाटले. म्हणून जास्त राग येतो. तुमच्या त्या बॉयलरचं केसिंग म्हणजे नुसतं झाकण नव्हे. अशा बंदिस्त बॉयलरला ज्वाळेसाठी हवा बाहेरून येते आणि जळलेला वायू धुराड्यातून बाहेरच जातो, आणि पुष्कळ बॉयलरमध्ये ही हवाबंदी त्या केसिंगच्या रबरी कडेवर असते. स्क्रू तिरपा बसला, कड दुमडली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात. ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पण ताप नसतो, आणि बाहेर पडलं की बरं वाटतं. बाळाचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो, त्यामुळे त्याला आपल्याआधी बाधतो. आपल्याकडेही दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या बातम्या येतात, आणि दर वेळी शेजारी म्हणतात, काही कळलंच नाही.

तुझ्या आजीबद्दल तुला एक कधी सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. आपल्या जुन्या घरात तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी. थंडीत आई तो न्हाणीघराच्या आतच पेटवायची आणि झोत लागू नये म्हणून खिडकीला पोतं लावायची. रोज सकाळी डोकं धरून बसायची. आम्ही म्हणायचो, पित्त. मी तेव्हा बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. अपुऱ्या हवेत कोळसा जळला की कोणता वायू होतो, ते भिंतीच्या अलीकडे वहीत लिहीत होतो आणि पलीकडे आई सुंठ उगाळून कपाळाला लावत होती. पुढे एकदा धान्य भरायला पोतं हवं म्हणून शेजारच्या काकूंनी ते काढून नेलं, आणि आईचं पित्त गेलं. त्याचा अर्थ मला उमगला तो नोकरीला लागल्यावर. तोवर तिचे किती हिवाळे असे गेले असतील. तिला सांगावं असं फार वाटायचं, पण ती असेपर्यंत तोंड उघडलं नाही.

म्हणून तुझ्या "डोकं जड असतं" या एका वाक्याने माझी झोप गेली. आता नीट ऐक. बॉयलर आजच बंद कर आणि दोन इलेक्ट्रिक हीटर आण. तिघंही डॉक्टरकडे जा आणि घरात गॅसचा बॉयलर आहे, अलार्म वाजला होता, हे त्यांना आपणहून सांग. अलार्म पुन्हा वाजला तर खिडक्या-दारं उघडून सगळे बाहेर या, आणि ०८०० १११ ९९९ लावा. गॅससाठी तिथला हा चोवीस तासांचा फुकट नंबर आहे. मग गॅस सेफ रजिस्टरचं ओळखपत्र असलेल्या माणसाला बोलाव. कार्डाच्या मागे त्याला कुठल्या उपकरणांवर काम करता येतं तेही लिहिलेलं असतं, ते वाच. तुम्ही भाड्याच्या घरात होता तेव्हा दरवर्षी गॅसची तपासणी करून घेणं मालकाला भाग होतं. स्वतःच्या घरात विचारणारं कुणी नाही. कारखान्यात आमच्या बॉयलरवर सरकारी निरीक्षक यायचे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, त्यानंतर तिथे तपासणीचा कायदा झाला, आणि १९२३ साली देशासाठी एकच कायदा आला. निरीक्षक येणार म्हटलं की आम्ही कुरकुरायचो. पण त्या तपासणीमुळे आम्ही रोज संध्याकाळी धडधाकट घरी आलो.

तो माणूस तपासून, चालू करून गेला की पुढचं तू खुशाल कर. पाण्याची बाजू तुझी, ज्वाळेची त्याची.

वहिनी म्हणाल्या त्यावरून स्वयंपाकघरातली फरशी गरम आहे आणि दिवाणखान्यातलीच गार. दोन्हींच्या नळ्या एकाच मॅनिफोल्डवरून निघतात ना? मग पंप आणि मिक्सिंग व्हॉल्व्ह ठीक आहेत, नाहीतर स्वयंपाकघरही गार पडलं असतं. दोष दिवाणखान्याच्या वेटोळ्यात आहे. आधी तिथला थर्मोस्टॅट उष्णता मागतोय का बघ. मागत असेल तर त्या वेटोळ्यावरचा ॲक्च्युएटर फिरवून काढ. खाली एक बारीक पिन दिसेल, ती दाबली की स्प्रिंगने वर आली पाहिजे. अडकली असेल तर हळूहळू खाली-वर करून मोकळी कर, चिमट्याने ओढू नको. मग फ्लोमीटरची काच बघ. पिन मोकळी असूनही काटा शून्यावर असेल तर वेटोळ्यात बहुधा हवा अडकली आहे. ती मॅनिफोल्डवरून एकेक वेटोळं धुऊन काढावी लागते, ते काम त्या माणसाकडूनच शिकून घे.

बॉयलरचं तापमान वाढवून फरशी गरम होणार नाही. मिक्सिंग व्हॉल्व्ह फरशीला चाळीस-पंचेचाळीस अंशांचंच पाणी देतो, तेवढंच द्यायचं असतं. तू पंच्याहत्तरवर नेलंस तर भाजतील ते वरचे रेडिएटर. शिवाय परतीचं पाणी पंचावन्न अंशांच्या वर गेलं की धुरातल्या वाफेचं बॉयलरमध्ये पाणी होत नाही आणि तिची उष्णता वाया जाते. फरशीखालचा कोबा तापायला कित्येक तास घेतो. सकाळी वाढवलंस तर संध्याकाळपर्यंत हात लावू नको. दर अर्ध्या तासाला थर्मोस्टॅट फिरवायची तुझी सवय मला ठाऊक आहे, लहानपणी टीव्हीचं बटणही तू असंच फिरवायचीस.

पहाटे बॉयलर बंद पडण्याचं कारण बहुधा तूच निर्माण केलं असशील. रेडिएटरची हवा काढलीस ना? हवेबरोबर पाणीही जातं, दाब उतरतो. गार असताना काटा एक ते दीड बारवर हवा. कमी असेल तर भर आणि भरायचा नळ घट्ट बंद कर. पुन्हा पुन्हा उतरला तर गळती शोधावी लागेल. काटा जागेवर असेल आणि बॉयलर गुळगुळ करत असेल, तर बाहेरच्या भिंतीवरून जाणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत पाणी गोठलं असेल. तिच्यावर कोमट पाणी ओत, उकळतं नको.

खूप बोललो. काकू म्हणते, पोर रात्र रात्र जागते आणि तुम्ही तिला झोडपताय. खरं आहे. परक्या थंडीत, पाठीशी कुणी नसताना, बाळाची झोप मोडू नये म्हणून तू धडपडलीस. हे सगळं तुला इतक्या हौसेने कळतं याचं मला कौतुकच आहे. लहानपणी तू माझ्या मांडीवर बसून पान्यांचे नंबर वाचायचीस, आठवतं?

पैशांचा विचार करून माणूस बोलवायचं लांबवत असशील तर संकोच करू नको, मी पाठवतो. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे आहेत. तुझ्या मध्यरात्री मी चहा पीत गॅलरीत बसलेला असतो, कधीही फोन कर. नुसतं डोकं दुखतंय हे सांगायला केलास तरी चालेल. काकूने बाळासाठी लोकरीचे पायमोजे विणले आहेत, जावईबापूंचे मित्र फेब्रुवारीत येणार आहेत त्यांच्याबरोबर देते आहे. माप अंदाजाने घेतलंय, बाळाच्या पावलाचा एक फोटो पाठव. आणि त्याला दात आला का? ते मला कुणी सांगतच नाही.

तुझा
काका