जुन्या रणगाड्यास नवे बळ

रणगाडा म्हणजे चालता किल्ला, असे आपण म्हणतो. परंतु किल्ला एकदा बांधला की शतके उभा राहतो; रणगाड्याचे तसे नाही. शत्रूची तोफ अधिक बलवान झाली, अंधारात पाहणारी दुर्बीण त्याच्या हाती आली, की कालचा अजिंक्य गाडा आज दुबळा ठरतो. अशा वेळी राष्ट्रापुढे दोन मार्ग असतात. एक, सर्वस्वी नवा रणगाडा घडविणे. दुसरा, हाती असलेल्या गाड्यातच सुधारणा करणे. दुसरा मार्ग स्वस्त व सोपा वाटतो. तो तितका सोपा का नाही, हे विद्यार्थी मित्रांना समजावून सांगण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

रणगाड्याचे गुण तीन : मारा, संरक्षण आणि गती. हे तिघे एकाच घरातील भावंडांसारखे. एकास अधिक दिले तर दुसऱ्याच्या वाट्यास कमी येते. चिलखत जाड केले की वजन वाढते. वजन वाढले की गती मंदावते, आणि मंद गाडा शत्रूच्या नेमास सहज सापडतो. आपल्याकडील मच्छीमार हे तत्त्व चांगले जाणतात. जुन्या होडीस मोठे इंजिन बसवावयाचे, तर आधी होडीचा सांगाडा तो भार व हादरे सोसेल काय, हे पाहावे लागते.

आता आपल्याच देशातील उदाहरण घेऊ. ‘अर्जुन’ रणगाड्याच्या योजनेस १९७४ साली मंजुरी मिळाली आणि २००४ साली त्याची पहिली तुकडी सैन्याच्या हाती आली. पुढे त्याची सुधारित आवृत्ती, मार्क-१ए, तयार झाली. तीत ७२ नव्या गोष्टी असल्याचे संरक्षण मंत्रालयाने सांगितले आहे. येणाऱ्या माऱ्याचा जोर बाहेरच मोडणारे स्फोटक चिलखत, गाड्याच्या नायकास रात्रंदिवस चहूकडे पाहता येईल अशी दुर्बीण, वाटेतील सुरुंग बाजूस सारणारा नांगर, ही त्यांतील काही. २०२१ साली अशा ११८ गाड्यांची मागणी चेन्नईजवळील आवडी येथील कारखान्याकडे नोंदविण्यात आली.

परंतु या सुधारणांचे मोल वजनात मोजावे लागले. मूळ गाडा सुमारे ५८.५ टनांचा; सुधारित गाडा सुमारे ६८ टनांचा. इंजिन मात्र तेच, १४०० अश्वशक्तीचे. भागाकार करून पाहा : पूर्वी प्रत्येक टनामागे सुमारे २४ अश्वशक्ती होती, आता ती २०.५ च्या आसपास उरली. म्हणूनच गाड्याच्या चाकांची व पट्ट्यांची रचनाही नव्याने करावी लागली.

असले हिशेब कागदावर मांडता येतात, पण धूळ, उष्मा आणि हादरे यांचा खरा परिणाम कागद सांगत नाही. त्यासाठी प्रायोगिक नमुना बनवावा लागतो. सुमारे २००२ साली आवडीच्या संशोधकांनी असाच एक नमुना सिद्ध केला. सोव्हिएत बनावटीच्या टी-७२ गाड्याच्या धडावर त्यांनी अर्जुनचा फिरता बुरूज चढविला आणि १००० अश्वशक्तीचे इंजिन बसविले. वजन सुमारे ४७ टन, म्हणजे अर्जुनहून पुष्कळ हलके. कल्पना मोठी चतुर होती; तथापि सैन्याने तो गाडा स्वीकारला नाही. मग ते श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. नमुना हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तरी ते उत्तरच होय. शेकडो गाडे बनविल्यावर ते कळण्यापेक्षा एका नमुन्यावर कळलेले बरे, कारण गाड्यात माणसे बसतात. अर्जुनमध्ये चार जवान असतात.

या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. अर्जुनची १२० मिलिमीटरची तोफ पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केली. २२ सप्टेंबर २०२० रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील के. के. रेंज या मैदानावर अर्जुनच्या त्याच तोफेतून लेसर किरणांच्या मार्गदर्शनाने जाणारे क्षेपणास्त्र सोडण्यात आले आणि त्याने ३ किलोमीटरवरील लक्ष्य भेदले. तोफ जुनी, पण तिचा पल्ला व नेम नवा, असा हा प्रयोग होता.

पेडणे-डिचोलीच्या मुलांना वाटेल, की या गोष्टींशी आपला काय संबंध? १८ डिसेंबर १९६१ ची पहाट आठवावी. भारतीय सैन्य गोव्यात शिरताच पोर्तुगिजांनी डिचोलीचा, कोलवाळ येथील शापोरा नदीवरचा आणि अस्नोड्याचा पूल उडवून दिला. त्याच सायंकाळी बेतीस पोहोचलेल्या तुकडीपुढे मांडवीचे पात्र आडवे होते. नद्यांच्या मुलखात सैन्याची गती पुलावर अवलंबून असते, आणि पूल तर वजन पाहूनच वाट देतो. खनिजाने भरलेला ट्रक कोणत्या पुलावरून न्यावा व कोणत्या नाही, हे डिचोलीकरांस निराळे सांगावयास नको. रणगाड्याच्या चिलखतात एक टन वाढविणाऱ्या अभियंत्यासही हाच विचार करावा लागतो.

सारांश, सुधारणा म्हणजे केवळ भर घालणे नव्हे. घातलेली भर मूळ वस्तूस पेलते काय, हे तपासणे होय. विद्यार्थ्यांनी टी-७२ चे वजन ४१ टन व शक्ती ७८० अश्वशक्ती धरून वरील नमुन्याशी त्याची तुलना करावी. प्रत्येक टनामागे कोणाकडे अधिक बळ आहे, हे त्यांना स्वतःच्याच वहीत सापडेल.