पुसलेली फाईल जाते कोठे?

गोष्ट चार वर्षांपूर्वीची आहे. वार्षिकांकाच्या मराठी विभागाचे लेख गोळा करण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. अकरा लेख एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवले होते. एके दिवशी दुपारी एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, सगळं पुसून गेलं की हो," एवढेच तो म्हणाला. जागा अपुरी पडत होती म्हणून त्याने जुने वाटलेले एक फोल्डर काढून टाकले होते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कन्नड विभागासाठी काढलेली स्नेहसंमेलनाची छायाचित्रे भरली होती. पुसल्याबद्दल मी त्याला रागावलो. खरे पाहता रागवायला हवे होते ते छायाचित्रे भरल्याबद्दल. पण हा फरक त्या वेळी मलाही ठाऊक नव्हता. तोच प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे.

आपल्या ग्रंथालयात पूर्वी तालिकापत्रांची लाकडी कपाटे असत. प्रत्येक पुस्तकाचे एक पत्र, त्यावर नाव आणि फडताळाचा क्रमांक. समजा, कोणी एका पुस्तकाचे पत्र काढून घेतले. पुस्तक कोठेही गेलेले नाही. ते फडताळावरच आहे. मात्र मागावयास गेलात तर ग्रंथपाल सांगणार, असे पुस्तक आमच्याकडे नाही. आणि उद्या नवी पुस्तके आली, की 'ही जागा रिकामी आहे' असे समजून ते जुने पुस्तक बाजूला काढून तेथे नवे लावले जाणार. पुस्तक खऱ्या अर्थाने गेले ते त्या क्षणी.

संगणक फाईल पुसतो म्हणजे जवळजवळ हेच करतो. पेन ड्राइव्हवर बहुधा 'फॅट' नावाची जुनी मांडणी असते. तीत प्रत्येक फाईलची ३२ बाइटांची नोंद असते: नाव, आकार, तारीख, आणि मजकूर कोणत्या घरापासून सुरू होतो तो क्रमांक. याशिवाय एक स्वतंत्र तक्ता असतो. एका घरानंतर पुढचे घर कोणते, हे त्यात साखळीसारखे लिहिलेले असते. फाईल पुसली की नोंदीतील नावाचे पहिले अक्षर जाऊन तेथे २२९ हा अंक बसतो, आणि तक्त्यातील साखळीच्या जागी शून्ये येतात. बस्स, इतकेच. मजकूर असलेल्या घरांना हातही लागत नाही. म्हणूनच मोठी फाईल लिहावयास मिनिटभर लागते आणि पुसावयास क्षण पुरतो.

(येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. जपानी लिपीतील काही नावे मुळातच २२९ या अंकाने सुरू होत. ती पुसलेली समजली जाऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी त्या जागी ५ हा अंक लिहावयाचा, अशी वेगळी सोय करावी लागली.)

१९८२ साली पीटर नॉर्टन यांनी याच गोष्टीचा उपयोग करून पुसलेल्या फाईली परत आणणारा प्रोग्रॅम विकावयास काढला. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉसच्या पाचव्या आवृत्तीत 'अनडिलीट' ही आज्ञाच दिली. ती आज्ञा दिली की संगणक फाईलचे नाव दाखवी, पण पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. आणि ते अक्षर कोणते, हे आपल्यालाच विचारी. त्याच्या नोंदीतून तेवढेच अक्षर गेलेले असे!

तेव्हा फाईल पुसली गेली असे लक्षात येताच पहिले काम म्हणजे हात थांबवणे. त्या पेन ड्राइव्हवर किंवा डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. पेन ड्राइव्ह असेल तर रीतसर काढून खिशात ठेवावा. पुष्कळ जण घाबरून इंटरनेटवरून कसलेतरी सॉफ्टवेअर उतरवतात आणि ते नेमके त्याच डिस्कवर बसवतात. ज्या रिकाम्या घरांत आपला मजकूर पडून आहे, तेथेच ते सॉफ्टवेअर जाऊन बसण्याचा संभव असतो. हरवलेली अंगठी शोधावयास त्याच ढिगावर आणखी माती टाकण्यासारखे हे झाले.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असते. तेथे 'ट्रिम' नावाची सोय आहे. विंडोजमध्ये ती २००९ साली, सातव्या आवृत्तीपासून आली. फाईल पुसताच ही घरे आता नकोत असे डिस्कला कळवले जाते, आणि डिस्क ती सवडीने खरोखरच साफ करते. तेथे फडताळावरचे पुस्तकही फार दिवस राहत नाही. अशा यंत्रावर मूळ जागी खणत बसण्यापेक्षा दुसरी प्रत शोधणे अधिक शहाणपणाचे.

आता शोध कोठे घ्यावयाचा? रिसायकल बिन सर्वांना ठाऊक आहे. १९९५ च्या विंडोजपासून पुसलेली फाईल आधी तेथे जाते, आणि तेथे तिच्यावर उजवी कळ दाबून 'रिस्टोअर' म्हटले की ती मूळ जागी परतते. नुकतेच पुसले असेल तर कंट्रोल आणि झेड या कळाही पुरतात. पण शिफ्ट दाबून पुसलेली फाईल या टोपलीत जात नाही, आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेलीही बहुधा जात नाही. आमचे अडले ते येथेच.

फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेल्यास 'प्रीव्हियस व्हर्जन्स' असा भाग असतो. फाईल हिस्टरी आधीपासून चालू केलेली असेल तर तेथे जुन्या प्रती तारीखवार मिळतात. नसेल तर तो भाग बहुधा रिकामाच. गूगल ड्राइव्हच्या 'ट्रॅश'मध्ये फाईल ३० दिवस राहते. वर्डमध्ये लिहिलेले जतन न करताच बंद केले असेल तर 'फाईल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट' या वाटेने 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' पाहावे. तेही त्याच दिवशी, कारण या प्रती थोडेच दिवस ठेवल्या जातात.

याहून मोठी शक्यता म्हणजे आपणच कधीतरी ती फाईल दुसऱ्याला पाठवलेली असते. पाठवलेल्या ई-मेलची पेटी पाहावी. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंट्स फोल्डरात 'सेंट' नावाचे आणखी एक फोल्डर असते. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकावरही विचारून यावे.

कधी कधी फाईल पुसलेलीच नसते. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मूळ फोल्डर नाहीसे होऊन त्याच नावाचे, कोपऱ्यात बाण असलेले चिन्ह तेवढे दिसते. हा विषाणूचा खेळ. त्या चिन्हावर दोनदा टिचकी मारू नये. विंडोजमधील विषाणूरोधक चालवून घ्यावा, मग 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून रोमन अक्षरांत पुढील आज्ञा द्यावी (ड्राइव्हचे अक्षर ई असेल असे धरून): ॲट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.* . ॲट्रिबचे स्पेलिंग ए, टी, टी, आर, आय, बी. एच म्हणजे लपवलेले आणि एस म्हणजे यंत्रणेचे, ही दोन्ही लेबले एकदम काढावी लागतात. मग फोल्डर जसेच्या तसे पुढे येते. प्रयोगशाळेत 'सर, फाईल गेली' म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येकांचे काम एवढ्यावर भागलेले मी पाहिले आहे.

आपल्या भागापुरती आणखी एक सूचना. जुना मराठी मजकूर श्रीलिपीत, तर कन्नड मजकूर नुडीत टंकलेला असू शकतो. सापडलेली फाईल उघडल्यावर रोमन अक्षरांची निरर्थक जत्रा दिसली तर ती बिघडली असे समजून टाकून देऊ नका. आधी तो फाँट लावून पाहा. एका प्राध्यापक स्नेह्यांनी असा आपलाच एक निबंध दोनदा कचऱ्यात टाकला होता.

आमच्या अकरा लेखांपैकी सात अक्षरजुळणीवाल्याच्या संगणकावर मिळाले, दोन ई-मेलमध्ये, आणि एक वर सांगितलेल्या 'सेंट' फोल्डरात. अकरावा लेख थेट पेन ड्राइव्हवरच लिहिलेला होता. प्रथम वर्षाच्या एका मुलाने आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात उतरवल्या होत्या. त्याची दुसरी प्रत नव्हती, आणि त्याच्या घरांवर छायाचित्रे जाऊन बसली होती. लेखात एकवीस ओव्या होत्या. मुलाच्या कच्च्या वहीत चौदा मिळाल्या, त्या आम्ही छापल्या. आजी त्याआधीच, दिवाळीत वारल्या होत्या.