पासवर्ड कठीण, पण पोर्ट उघडा

प्रश्न: आमच्या सोसायटीचा राउटर आणि सीसीटीव्ही तंत्रज्ञाला घरूनच हाताळता यावेत म्हणून पोर्ट २२ व ४४३ सर्वांसाठी खुले आहेत. पासवर्ड कठीण आहे, मग धोका कसला?
– सेक्रेटरी, मुलुंड (पूर्व)

उत्तर: घाबरू नका, उपाय सोपा आहे. मात्र नुसता पासवर्ड पुरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी निघाली, तर पासवर्डशिवायही आत शिरता येते. शिवाय एखाद्या उपकरणाचा मूळ पासवर्ड तसाच राहिलेला असू शकतो; २०१६मध्ये 'मिराई' या मालवेअरने तर कंपनीचेच मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते.

इंटरनेटच्या बाजूने हे दोन्ही पोर्ट बंद करा. तंत्रज्ञाला व्हीपीएन द्या; ते जमत नसेल, तर फक्त त्याच्या स्थिर आयपी पत्त्याला परवानगी द्या. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात आणि पहिला जुळणारा नियम लागू करतात. म्हणून परवानगी वर, 'बाकी सर्व बंद' खाली.

आधी सेटिंगचा बॅकअप घ्या. बदल करताना तंत्रज्ञाला सोसायटीतच बोलवा. नियम चुकला, तर दुरून केलेली जोडणी तुटते.