नोकरी गेल्यावर वीस मिनिटे

मार्च २०२३ मध्ये एका सकाळी, पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये, माझी सहा वर्षांची नोकरी गेली. एच-वन व्हिसावर असल्यामुळे नवी नोकरी शोधायला हातात फार तर ६० दिवस. रविवारी डोंबिवलीला फोन केला तेव्हा बाबांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय म्हणतोस?" मी म्हणालो, "सगळे ठीक."

खर्चाची यादी, आरोग्य विमा, अर्ज ही कामे मी तातडीने उरकली. पण मुलाखतीत जुन्या कंपनीचा विषय निघाला की आवाज बदलायचा. समोरच्याच्या ते लक्षात येत असे.

त्याच सुमारास जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे काम वाचनात आले. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नोकरी गेलेल्या ६३ जणांवर केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी पाच दिवस रोज वीस मिनिटे नोकरी जाण्याबद्दलचे विचार आणि भावना लिहिल्या. पुढील काही महिन्यांत त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. गंमत म्हणजे त्यांनी जास्त अर्ज किंवा फोन केले नव्हते. बदलला होता तो जुन्या नोकरीकडे पाहण्याचा दृष्टिकोन.

मी करून पाहिले. पद्धत अगदी साधी आहे.

१. चार-पाच दिवस, रोज वीस मिनिटे, एकट्याने बसावे.
२. काय घडले आणि त्याबद्दल काय वाटले, दोन्ही लिहावे. मराठीत, इंग्रजीत, जसे सुचेल तसे. शुद्धलेखन पाहू नये.
३. कोणाला दाखवू नये. हवे तर फाडून टाकावे.
४. लिहिल्यावर थोडा वेळ उदास वाटते. पण फारच त्रास होऊ लागला तर थांबावे.

पहिले दोन दिवस मी कंपनीला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी कागदावर उतरले ते वेगळेच. मला राग कमी आणि लाज जास्त वाटत होती, आणि तीही बाबांची. त्या रात्री फोन करून खरे सांगितले. बाबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "८२ च्या गिरणी संपात तुझे आजोबा घरी बसले, ते कोणाशी बोलेनासे झाले. तू निदान बोललास."

छप्पन्नाव्या दिवशी नव्या कंपनीने माझे कागद दाखल केले. ते लिहिण्यामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. नशीब आणि ओळखीही कामी आल्या. पण त्यानंतरच्या मुलाखतींत माझा आवाज स्थिर होता, एवढे खरे.

नोकरी असो, जवळच्या माणसाचे जाणे असो की मुलांचे घराबाहेर पडणे असो, आपण मंडळी 'सगळे ठीक' म्हणण्यात तरबेज आहोत. निदान कागदाशी तरी खरे बोलावे. मात्र झोप, भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटू लागला तर अमेरिकेत ९८८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.