नवी डीझेल गाडी ॲव्हरेज का देत नाही?



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामासाठी एक नवी डीझेल मोटार घेतली. पत्रकावर लिटरला २३ किलोमीटर असे छापले होते; प्रत्यक्षात पडले १४. दोन महिन्यांनी हिशेब समितीपुढे आला, तेव्हा उघड कोणी बोलले नाही, पण सर्वांच्या नजरा गाडी चालवणाऱ्या पोराकडे वळल्या. आमच्याही मनात शंकेची पाल चुकचुकली, हे कबूल केले पाहिजे. गरिबाच्या अब्रूचा प्रश्न होता, म्हणून आम्हीच वही घेऊन गाडीत बसलो.

प्रथम मोजण्याची रीत सांगतो. काचेवरचा आकडा पाहून ॲव्हरेज ठरवू नये. पंपावर नळी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी व मीटर लिहून ठेवावा. तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरावी. चाललेले किलोमीटर भागिले या वेळी बसलेले लिटर, हे खरे ॲव्हरेज. आमचे पहिले माप ४२० किलोमीटरला ३० लिटर, म्हणजे १४च आले. आम्ही स्वतः शेजारी होतो, डीझेल कोणी काढले नव्हते. पोरगा निर्दोष ठरला.

मग पत्रकावरचा आकडा खोटा का? खोटा नाही, पण तो आपल्या रस्त्यावरचा नाही. पुण्याची एआरएआय ही संस्था किंवा तशीच मान्यताप्राप्त संस्था गाडीची चाके रोलरवर फिरवून परीक्षा घेते. ही परीक्षा वीस मिनिटांहून थोडी कमी चालते. वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो. पोती नाहीत, टपावर कॅरिअर नाही, आडवी येणारी म्हैस नाही. आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणी-मार्ग २०२१ साली सुरू झाला. तिथेही पलासिया चौकासारखे सिग्नल लागत नाहीत!

आमच्या वहीत खरे कारण तिसऱ्या पानावर सापडले. बहुतेक फेऱ्या तीन-चार किलोमीटरच्या होत्या. पलासियाहून दवाखाना, शाळा, मंडी. इंजिन पुरते तापायच्या आत बंद. थंड इंजिन डीझेल जास्त पिते आणि चौकात उभी गाडी शून्य किलोमीटरला डीझेल जाळते.

त्यात एक नवी गोष्ट आहे, जी जुन्या जीपवाल्यांना माहीत नसते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डीझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली की इंजिन जादा डीझेल सोडून तिथली उष्णता सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते व काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. आपण मध्येच बंद केली, तर काम अर्धवट राहते, पुन्हा सुरुवात, पुन्हा डीझेल. शिवाय न जळालेले डीझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. काडीवर ऑइल वाढलेले दिसले, तर खूश होऊ नये, मेकॅनिक गाठावा.

आम्ही टायरची हवा तपासली (दोन चाकांत कमी होती), रिकामे कॅरिअर उतरवले, छोटी कामे एका फेरीत आणली व दर आठवड्याला एकदा गाडी देवास रस्त्यावर ६०-७० च्या वेगाने नेऊ लागलो. अर्थात हिंडण्यासाठी नव्हे, तिकडच्या गावांची भेट त्याच दिवशी ठेवली. पुढचे माप ३७० किलोमीटरला २० लिटर, म्हणजे साडेअठरा आले. तेवीस आले नाहीत, येणारही नाहीत.

सोयाबीनचे पैसे हाती आले की आपल्यातील काही जण कर्ज काढून डीझेल मोटार घेतात, कारण 'डीझेल स्वस्त पडते'. हिशेब करून पाहा. डीझेल गाडी पेट्रोलच्या गाडीहून एक लाखाने महाग धरा व किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात असे धरा. महिन्याला ५०० किलोमीटर चालवलीत, तर वाचले हजार रुपये. लाख फिटायला १०० महिने, म्हणजे आठ वर्षांहून अधिक, आणि त्यात व्याज धरलेले नाही. ज्याचे रोजचे जाणे लांबचे आहे, त्याने डीझेल जरूर घ्यावी. घर ते मंडी एवढेच ज्याचे जाणे आहे, त्याने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता वही तो पोरगाच लिहितो. हिशेबाच्या बैठकीत समितीने त्याला चहा दिला. माफी मात्र आम्हालाच मागावी लागली. ट्रॅक्टरवाल्यांनीही अशीच वही ठेवावी, फक्त तिथे किलोमीटरऐवजी तास लिहावेत आणि नांगरणीचे तास व ट्रॉलीचे तास निरनिराळे मांडावेत.