सांध्यात औषध सोडून करावयाची तपासणी

खांदा वारंवार निखळतो, हात वर नेताना आत काहीतरी अडकते. पण एक्स-रेमध्ये हाड ठीक दिसते. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञ कधी कधी 'आर्थ्रोग्राम' करावयास सांगतात. सांध्यात सुई टोचणार म्हटल्यावर रुग्ण घाबरतो. म्हणून ही तपासणी समजून घेऊ.

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. कूर्चा व अस्थिबंध दिसत नाहीत. एम.आर.आय.मध्ये ते दिसतात, पण बारीक चीर निसटू शकते. सांध्यात कॉन्ट्रास्ट औषध सोडले, की सांधा फुगतो, औषध चिरेत शिरते आणि चीर उठून दिसते. सायकलच्या ट्यूबचे बारीक पंक्चर हवा भरल्यावरच सापडते, तसेच हे.

प्रथम त्वचा बधिर करतात. मग एक्स-रेच्या पडद्यावर किंवा सोनोग्राफीत पाहत सुई सांध्यात नेतात. खांद्यात साधारण १० ते १५ मि.लि. द्रव सोडतात. त्या वेळी सांधा भरल्यासारखा वाटतो. औषध शोषले जाण्यापूर्वी लगेच एम.आर.आय. किंवा सी.टी. स्कॅन करतात.

तपासणीपूर्वी पुढील गोष्टी डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात :

१) पूर्वी कॉन्ट्रास्ट किंवा बधिर करण्याच्या औषधाची ॲलर्जी झाली होती काय?

२) रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत काय? (त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.)

३) गर्भ राहिल्याची शक्यता आहे काय?

४) शरीरात पेसमेकर किंवा धातूची वस्तू आहे काय?

५) ताप आहे काय, किंवा सांध्यावरील त्वचेला जखम अथवा गळू आहे काय?

जुने एक्स-रे व रिपोर्ट सोबत न्यावेत. घरी परतताना स्वतः वाहन चालवू नये. एक-दोन दिवस जड काम टाळावे.

एक-दोन दिवस सांधा दुखणे स्वाभाविक आहे. मात्र दुखणे दिवसेंदिवस कमी झाले पाहिजे. ते वाढत गेले, सांधा लाल, गरम झाला, सूज वाढली किंवा थंडी-ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता असते. असे क्वचितच घडते. पण घडल्यास काही दिवसांतच कूर्चा कायमची खराब होऊ शकते. तेव्हा मालिश, शेक किंवा वेदनाशामक गोळी यांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुईला घाबरण्यापेक्षा या लक्षणांकडे लक्ष ठेवणे अधिक हिताचे!