मुक्त म्हणजे फुकट नव्हे

वैद्यबोवांकडून औषधाची पुडी आणली, तर तींत काय आहे हें आपणांस कळत नाहीं. गुण न आल्यास पुनः त्यांच्याच दारीं जावें लागतें. पण समजा, एखाद्या वैद्यानें पुडीबरोबर औषधाची कृतिही लिहून दिली आणि सांगितलें, "ही वाचा, घरीं करून पहा, चूक आढळल्यास सुधारा, शेजाऱ्यासही द्या, मात्र ज्यास औषध द्याल त्यापासून कृति लपवूं नका." तर अशा वैद्यानें आपलें पोट कसें भरावें? प्रस्तुत लेखांत आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहों. मात्र आमचा वैद्य म्हणजे संगणकाचा धंदा करणारी एक कंपनी आहे.

संगणकास काय करावयाचें हें सांगणाऱ्या आज्ञांच्या संचास सॉफ्टवेअर म्हणतात. प्रोग्रॅमर त्या आज्ञा प्रथम माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. ही झाली मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड. मागाहून तिचें यंत्रास कळणाऱ्या अंकांत रूपांतर होतें. पुष्कळ कंपन्या हें रूपांतर तेवढें विकतात व संहिता कुलुपांत ठेवितात. ज्या सॉफ्टवेअरची संहिता सर्वांस वाचावयास, बदलावयास व वांटावयास मोकळी असते, त्यास ओपन सोर्स म्हणतात.

अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं अशा मोकळ्या सॉफ्टवेअरचा ग्नू नांवाचा प्रकल्प जाहीर केला व १९८९ सालीं जनरल पब्लिक लायसन्स नांवाचा परवाना तयार केला. त्याचें मर्म असें कीं, जो कोणी हें सॉफ्टवेअर, मूळचें किंवा सुधारलेलें, दुसऱ्यास देईल, त्यानें त्यास संहिता व ती पुढें वांटण्याची मोकळीकही दिली पाहिजे. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिनक्स लिहिण्यास आरंभ केला व पुढच्याच वर्षीं तें याच परवान्याखालीं आणिलें. संगणकाच्या साऱ्या कारभारावर नजर ठेवणारा जो कारभारी, तो लिनक्स होय.

१९९४ सालीं मार्क ईविंग यांनीं लिनक्स व त्याच्या जोडीचे अनेक प्रोग्रॅम एकत्र बांधून त्या संचास रेड हॅट असें नांव दिलें. महाविद्यालयांत असतां ते आजोबांनीं दिलेली टोपी घालीत, तिची ही आठवण. पुढच्या वर्षीं बॉब यंग यांनीं त्यांचा व्यवसाय आपल्या व्यवसायास जोडला, आणि रेड हॅट कंपनी उभी राहिली.

येथें अशी शंका येईल कीं, जी वस्तु कोणासही फुकट उतरून घेतां येते, ती पैसे देऊन कोण घेणार? उत्तर असें कीं, ही कंपनी संहिता विकत नाहीं. संहितेची जबाबदारी विकते. स्वयंसेवक व कंपनीचे नोकर मिळून फेडोरा नांवाचा एक संच तयार करितात. त्याची नवी आवृत्ति सुमारें दर सहा महिन्यांनीं निघते. उत्साही विद्यार्थ्यास हें मानवेल. परंतु बँकेस किंवा इस्पितळास वर्षांतून दोनदां आपलें घर मोडून बांधणें परवडत नाहीं. म्हणून फेडोरामध्यें पारखलेलें काम घेऊन कंपनी रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स हा दुसरा संच तयार करिते, त्याची मोठी आवृत्ति दहा वर्षें सांभाळण्याचें वचन देते, आणि त्याबद्दल वार्षिक वर्गणी घेते. नव्या संहितेंतील दोषाची दुरुस्ती जुन्या आवृत्तींत, इतर कांहीं न बिघडवितां, बसविणें हें फार किचकट काम आहे. त्याचेच हे पैसे.

आतां कंपनी परत काय देते तें पाहूं. दोष सांपडला म्हणजे तिचे प्रोग्रॅमर दुरुस्ती प्रथम मूळ प्रकल्पाकडे पाठवितात. तेथील जाणकार ती तपासतात, प्रसंगीं परतही करितात. मान्य झाल्यावर ती सर्व जगाची होते. यांत निव्वळ परोपकार आहे असें मात्र समजूं नये. जो आपली दुरुस्ती लपवून ठेवील, त्यास मूळ संहिता बदलेल त्या प्रत्येक वेळीं तीच दुरुस्ती पुनः बसवावी लागेल. दिलेली दुरुस्ती इतर हातही सांभाळितात. २००८ सालीं रेड हॅटनें क्यूमरानेट ही कंपनी विकत घेतली. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यापुढें उमटविण्याचें तिचें स्पाइस नांवाचें तंत्र तोंवर बंद होतें. पुढच्या वर्षीं रेड हॅटनें त्याची संहिता खुली केली. दाम मोजून घेतलेली वस्तु सर्वांपुढें मांडणारा व्यापारी विरळाच.

आपल्या मराठीसही याचा लाभ झाला आहे. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढिला, तेव्हांचा देवनागरी खिळा शिशाचा असे. तो एका छापखान्यांत असतां दुसऱ्यांत नसे. संगणकाच्या अक्षरसंचाची, म्हणजे फॉन्टची, गोष्ट निराळी. त्याच्या लाख प्रती काढण्यास खर्च नाहीं. खर्च आहे तो अक्षर घडविण्याचा व जोडाक्षरें बिनचूक बसविण्याचा. हा भार रेड हॅटनें उचलिला. २००४ सालीं तिनें भारतीय लिपींसाठीं 'लोहित' नांवाचे फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, हें संस्कृत शिकणाऱ्यांस सांगणें नको. पुण्याच्या कचेरींतील मंडळींनीं हें काम पुष्कळ वर्षें सांभाळिलें.

अशा रीतीनें देत घेत कंपनी मोठी झाली. २०१२ सालीं संपलेल्या आर्थिक वर्षांत तिचें उत्पन्न एक अब्ज डॉलरांवर गेलें, आणि २०१९ सालीं आय.बी.एम. कंपनीनें ती सुमारें ३४ अब्ज डॉलरांस विकत घेतली.

परंतु आम्हांस केवळ स्तुतिपाठ गावयाचा नाहीं. रेड हॅटच्या खुल्या संहितेपासून कांहीं स्वयंसेवक २००४ सालापासून सेंटओएस नांवाचा तसाच संच तयार करून फुकट देत असत. २०१४ सालीं रेड हॅटनें तो प्रकल्प आपल्या आश्रयास घेतला. २०२० च्या डिसेंबरांत कंपनीनें जाहीर केलें कीं, त्याची आठवी आवृत्ति २०२१ अखेर बंद होईल. ती २०२९ पर्यंत चालेल या भरंवशावर लोक होते. पुढें २०२३ च्या जूनमध्यें एंटरप्राइझ लिनक्सची हुबेहूब संहिता गिऱ्हाइकांपुरतीच ठेवण्यांत आली. जगासाठीं सेंटओएस स्ट्रीम या संचाची संहिता तेवढी खुली राहिली. कंपनीचें म्हणणें असें कीं, आमच्या श्रमाची नक्कल करून कांहींच न देणाऱ्यांस आम्ही कां पोसावें? विरोधकांचें म्हणणें असें कीं, तुमचा वाडाही दुसऱ्यांनीं दिलेल्या दगडांवरच उभा आहे. आमच्या मतें पहिल्या तक्रारींत तथ्य आहे; तथापि ज्यावर लोक विसंबले, तें मध्येंच काढून घेणें हा सार्वजनिक विहिरीवर काम करणाऱ्यास शोभणारा मार्ग नव्हे. सुदैवानें संहिता खुली असल्यामुळें वाट खुंटली नाहीं. २०२१ सालींच आल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे दोन नवे संच लोकांनीं उभे केले. मोकळेपणाचा खरा उपयोग दिसतो तो अशा वेळीं.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एवढेंच सुचवितों. मुक्त आणि फुकट हे दोन शब्द आपल्या भाषेनें निरनिराळे ठेविले आहेत. ते आपणही निरनिराळे ठेवावे. फुकट मिळालेल्या वस्तूचें मोल कोणी ना कोणी आपल्या रात्रींनीं दिलेलें असतें. विहिरीचें पाणी सर्वांचें; पण गाळ उपसण्याचा दिवस येतो, तेव्हां पाणी भरणाऱ्यानें घरीं बसूं नये. असल्या सॉफ्टवेअरांत मराठी शब्द चुकलेला दिसला, तर तो कळवावा. भाषांतर येत असेल, तर चार ओळींचें करून पाठवावें. मोठी कंपनी हजार हातांनीं देईल, आपण एका हातानें देऊं. घेतलेल्याची आठवण ठेवणें दोघांसही सारखेंच शक्य आहे.